कामांडेची आई

गाथोनीला दोन वर्षांत वस्तीत कुणी ‘कामांडेची आई’ म्हणून हाक मारली नव्हती. आम्हा किकुयूंत बाईला थोरल्याच्या नावानं हाक मारतात. पण थोरला गोऱ्या सरकारशी लढायला बंदूक घेऊन जंगलात गेलेला. सरकारला कळतं तर झोपडी जाळून तिलाही तारांमागच्या छावणीत डांबलं असतं. म्हणून नोंदणीत तिनं तीनच पोरं सांगितली होती.

गव्हर्नर वस्ती बघायला आला तेव्हा वस्तीभोवती सक्तीनं खंदक खणणाऱ्या बायकांना उठवून रस्त्याकडेला उभं केलं. साहेबाच्या टोपीला पांढरी पिसं.

“कोंबडा आला गं,” वाईतेरा पुटपुटली.

“कोंबडा निदान पहाटे उठवतो. हा झोपूच देत नाही,” गाथोनी म्हणाली.

साहेब नेमका तिच्यासमोर थांबला, हसून काहीतरी बोलला. दुभाष्या मुरागे आमच्याच लोकांतला, पायात सरकारी बूट. म्हणाला, “साहेब विचारतात, मुलं किती?”

पोटची पोरं मोजायची नसतात, दृष्ट लागते. गाथोनीनं सवयीनं नावं घेतली. “न्योकाबी, वांगेची, न्गोथो.”

तिथंच ती चुकली.

मुरागेनं तिच्या ओळखपत्राकडे पाहिलं. नवरा न्दिरांगू, सासरा कामांडे. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचंच नाव. तो तान्हेपणी गेला तरी ते पुढच्याला मिळतं. इथं दोन मुली आणि एकच मुलगा, न्गोथो; आणि ते नाव तर तिच्या माहेरचं, आईच्या बापाचं, दुसऱ्या मुलाला देतात ते. मग पहिला कुठाय? गोऱ्याला हे जन्मात उमगलं नसतं. मुरागेला एका श्वासात उमगलं.

त्यानं साहेबाला तीन बोटं दाखवली. साहेब खूश होऊन पुढे सरकला.

मुरागे बुटाची नाडी बांधायला वाकला. “मावशी, धाकट्याला आजपासून कामांडे म्हण. दुसरा दुभाष्या सोडायचा नाही.”

“ते नाव रिकामं नाही.”

“जीव जाईल तुझा.”

“जाऊ दे. जित्या पोराचं नाव दुसऱ्याला देऊ? म्हणजे मीच त्याला पुरला की. तू जा तुझ्या कोंबड्यामागं.”

मुरागे उठला. बूट झटकले. तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, “जीभ आवर, कामांडेची आई.”

आणि साहेबामागे पळाला.

गाथोनीनं फावडं उचललं आणि खंदकात उतरली. ती हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं करत रांगेतल्या एकाही बाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. वाईतेरा तेवढी शेजारी येऊन खणू लागली, माती जरा जास्तच जोरात उडवत.