हवालदारांचा खड्डा

हवालदार दिसायच्या आधी त्यांची शिट्टी ऐकू यायची, आणि ती ऐकली की आमच्या गल्लीतली माणसं दारं लोटून घ्यायची. खाकी अर्धी चड्डी, काटकुळे पाय आणि पोळ्याच्या बैलासारखी छातीवर मिरवलेली पदकं. साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात त्यांच्याइतका कंटाळवाणा माणूस दुसरा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

पलटणीतून पेन्शनवर आले ते गावाला शिस्त लावायची असा पण करूनच. लग्नाची पंगत असो की एसटीचा थांबा, रांग लावायला हवालदार हजर. बोलावलं कुणी? कुणीच नाही. काठी टेकत आलेल्या म्हातारीलाही सांगायचे, "आजी, कदम मिळव." ब्रह्मदेशातल्या लढाईच्या गोष्टी तासन्‌तास चालत, पण त्यांत शत्रू कधी यायचाच नाही. चिखल यायचा, खेचरं यायची आणि खड्डे. "तंबू मांगून, आधी संडासचा खड्डा. पलटन गोळीनं कमी अन् हगवणीनं जास्त मरते." ऐकणारे नाक मुरडत आणि त्यांची पाठ वळली की हसत. मीही हसायचे.

त्या वर्षी मी सातवी पास झाले होते. शाळेत मुलींसाठी आडोसा नव्हता. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या आणि मग एकेक करून यायच्याच बंद व्हायच्या. माझे वडील त्याच शाळेत मास्तर, पण त्यांनीही घरात सांगून टाकलं, "आता पुरे हिची शाळा." मी दोन दिवस जेवले नाही. त्यानं काही फरक पडला नाही.

हे हवालदारांच्या कानावर कसं गेलं, देव जाणे. कुदळ खांद्यावर टाकून ते आमच्या दारात उभे राहिले.

"गुरुजी, पोरीले घरी काऊन बसवता? खड्डा मी खंदतो."

"अहो, हे काम तुमचं आहे का?" वडील म्हणाले.

"फौजेत काम कोनाचं, हे कोनी इचारत नाही."

शाळेमागे त्यांनी एकट्यानं चार खड्डे खणले, भोवती तट्टे उभे केले. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. मातीचं एक टोपलं कुणी उचललं नाही. वडिलांचा नाइलाज झाला आणि मी आठवीत बसले.

मग गावानं आपली अक्कल दाखवली. हवालदार कुणब्याच्या घरचे, पण संडासाचा खड्डा खणला म्हणून त्यांना विटाळ झाला असं ठरलं. खड्डा तेव्हा अजून कोरडा होता. पुढच्या लग्नात त्यांचं पान वेगळं मांडलं. ज्यांच्या पोरी त्या खड्ड्यांमुळे शाळेत राहिल्या, ते बाप पहिल्या रांगेत बसून बुंदी खात होते. त्यांत माझेही होते.

एकदा भर उन्हात हवालदार आमच्याकडे पाणी मागायला आले. वडील आतून म्हणाले, "भांडं देऊ नकोस. वरून ओत."

मी तांब्या घेऊन ओट्यावर उभी राहिले. त्यांनी खाली ओंजळ धरली.

"आठवीत गेली ना, माय?"

"हो."

"मंग झालं तर. वत."

मी ओतलं. त्यांच्या हातावरचे थेंब माझ्यावर उडू नयेत म्हणून पाय मागे घेऊन ओतलं.

पुढे मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले. हवालदार त्याआधीच गेले. त्यांच्या शिट्टीला, पदकांना, खेचरांच्या गोष्टींना मी अजूनही नावं ठेवते. गावाला तर ठेवतेच. पण खरी किळस येते ती ओट्यावर पाय मागे घेऊन उभ्या असलेल्या त्या आठवीतल्या मुलीची.