नावापुढची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. सांगायला बसलो की दुसरंच काही बोलत राहायचो. सत्तरी उलटली — आणखी किती टाळणार?

चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत कोळसा वाहून नेणारा पट्टा चालवणाऱ्या यंत्रासाठी आम्ही दोघांनी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. मी आणि मूल गावची प्रतिभा. घरातली पहिली इंजिनिअर. मला भाऊ म्हणायची.

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा लागणारी माहिती स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एका चळतीवर, ठेवतं. काम झाल्यावर ती उचलायची कुणी? बोलावणाऱ्याने, की काम करणाऱ्याने? जेवल्यावर पत्रावळ कुणी उचलायची, तसंच हे. दोघांनीही उचललं तर खालचं भलतंच काही जातं आणि मशीन भरकटतं. म्हणून आमचा नियम होता — जे फंक्शन स्वतः उचलतं, त्याच्या नावापुढे खूण. खूण नसेल तर बोलावणाऱ्याने उचलायचं.

पट्टा थांबवणारं फंक्शन माझं. थोडी मेमरी वाचावी म्हणून मी ते स्वतः उचलणारं केलं. खूण लावली नाही. लावली असती तर नाव जुळलं नसतं, त्याला बोलावणारा प्रतिभाचा भाग जोडलाच गेला नसता, चूक तिथेच कळली असती. नियम त्यासाठीच तर होता! पण मग ऐनवेळी बदल केल्याचं कबूल करावं लागलं असतं. साहेब आधीच उशिरावरून चिडलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं, दोन्हीकडून उचललं गेलं, आणि पट्टा थांबला नाही. सोमाजी नावाच्या मजुराचा हात कोपरापासून गेला.

मग मी काय केलं? — त्याला गाडीत घालत होते, सगळे बाहेर धावले होते, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. नावापुढे खूण लावली. प्रतिभाच्या भागातही, जिथे जिथे ते नाव होतं तिथे. बाकी तिचं काही बदललं नाही. आता कुणीही पाहिलं तरी दिसणार होतं — खूण असूनही हिने उचललं.

"पोरीच्या हाती मशीन देल्लं, भोगा आता," प्रोग्रॅम तपासल्यावर साहेब म्हणाले.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "भाऊ, खूण होती? मंग मले कशी नाई दिसली?"

"घाईत सुटते, बाई," मी म्हणालो.

तिला कामावरून काढलं. तिने पुन्हा प्रोग्रॅम लिहिला नाही. मूलला शिवणकाम करते.

गेल्या वर्षी गेलो होतो तिच्याकडे. ठरवून. तिने चहा दिला, तब्येत विचारली. मग आपणहून म्हणाली, "सोमाजीभाऊकडे जात असतो मी, भाऊ. माह्याच चुकीनं गेला ना त्याचा हात."

'तुझी नाही, माझी. खूण मी मागून लावली. माफ कर' — एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"होते चूक कधी कधी," मी म्हणालो, आणि उरलेला चहा प्यायलो.