गायीच्या आधी घरात शिरलेला ओदेलु

विजेची मला भीती वाटते, हे मी कुणापासून लपवत नाही. सोलापुरात माहेरी यंत्रमागाच्या खडखडाटात वाढले, तरी मोटारीचं बटण दाबायचं म्हटलं की आधी पायात चप्पल आहे का ते बघायची. लग्न होऊन इथं तेलंगणात मेटपल्लीला आले, तर सासूबाई राजव्वा ओल्या हातानं फटाफट बटणं दाबायच्या आणि मला हसायच्या. "सोलापूरची पोरगी, उंदराएवढं काळीज," म्हणायच्या. म्हणू देत. उंदराला निदान आपला जीव प्यारा असतो.

ओदेलुचं मात्र मला तेव्हा काही पटायचं नाही. आमच्या भागात वायरमनचं सरकारी लायसन असलेला तो एकटाच. तरुणपणी खांबावर चढायचा, गावातली अर्धी घरं त्याच्याच हातची. पण वय झालं, गुडघे गेले, तसं त्यानं काम सोडलं आणि सही तेवढी चालू ठेवली. मीटर घ्यायचं तर लायसनवाल्यानं लिहून द्यावं लागतं की या घराची वायरिंग मी तपासली, सगळं ठीक आहे. मग लोक काय करायचे, काम तिरुपतीकडून करून घ्यायचे आणि सही ओदेलुची आणायचे. तिरुपती म्हणजे नळ बसवणारा, रंग मारणारा, वायरिंगही करणारा. ओदेलु बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलेला असायचा. "घर कसं झालंय?" "छान झालंय अन्ना." "मग झालं तर," म्हणून स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही ठोकायचा. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

आमचं नवीन घर बांधून होत आलं तेव्हा मी नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडले. म्हटलं, लायसनवाला माणूस गावात आहे, पैसे त्यालाच देतो आहोत, तर कामही त्यालाच करू दे. सुदर्शनम म्हणाले, "तो एक बोर्ड लावायला आठवडा घालवतो. आणि तिरुपती आपल्यातला आहे." आपल्यातला म्हणजे त्यांच्या मावसबहिणीचा नवरा. झालं, विषय संपला.

तरी मी सही घ्यायला यांच्याबरोबर हॉटेलात गेले आणि तोंडावर सांगितलं, "अन्ना, निदान एकदा घर बघून तरी जा."

ओदेलु हसला. पान खाऊन लाल झालेले दात सगळे दिसले. मला तो वदिना म्हणायचा, म्हणजे वहिनी. "वदिना, गृहप्रवेशाला बोलवा की. जेवायला येईन तेव्हा बघेनच."

सही करून त्यानं कागद यांच्या हातात दिला. मी चहा तसाच टाकून उठले.

त्यानंतर पलीकडच्या खेड्यात ते झालं. एक तरणी बाई तारेवर ओलं लुगडं टाकायला गेली आणि तारेलाच चिकटली. सोडवायला कुणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. घर नवीनच होतं. त्या घराच्या कागदावर सही ओदेलुची.

पोलीस त्याच्याकडे आले नाहीत, त्या बाईच्या घरचेही आले नाहीत. कुणी काही म्हणालं नाही, पण ओदेलुचं पान सुटलं. हॉटेलात दिसेनासा झाला. एका पिशवीत होल्डरला लावलेला बल्ब आणि दोन वायरी घेऊन तो दारोदार फिरायला लागला. जिथं जिथं सही केली होती तिथं जाऊन म्हणायचा, "जरा आत येऊन बघू का?" लोकांना ते अभद्र वाटायचं. कोण आत घेणार? कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याला वारं लागलं. कुणी तर दारात पाहूनच कडी लावायचं. मला एकदा बाजारात भेटला. डोळे खोल गेलेले. मी विचारलं, "अन्ना, जेवलात का?" तर म्हणाला, "तुमचं घर राहिलंय, वदिना." घरी येऊन सांगितलं तर राजव्वा कडाडल्या, "गृहप्रवेश होईपर्यंत त्या माणसाची सावली पडू द्यायची नाही."

मुहूर्त पहाटेचा होता. आमच्याकडे नव्या घरात आधी गाय जाते, तिच्यामागं घरचे. गायीचा पाय पडेपर्यंत आत चिटपाखरू असता कामा नये. म्हणून अंगण धुऊन सगळे बाहेर आले. शेवटी तिरुपतीनं बोअरची मोटार चालू केली आणि रबरी चप्पल फटफटवत बाहेर आला. टाकी भरून वाहू दे, शुभ असतं, असं राजव्वांनी सांगितलं होतं. पाणी वाहत फाटकापर्यंत आलं होतं. आमचं फाटक सरकतं आहे, खाली जमिनीत लोखंडी पट्टी बसवलीय. त्या पट्टीवर हळदीचं पाणी शिंपडलेलं, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, वरती आंब्याची पानं आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा. आम्ही सगळे अनवाणी. पुढं गाय आणि राजव्वा, मग कलश घेतलेले सुदर्शनम, मग दुधाचं भांडं घेतलेली मी, आणि माझ्यामागं लेक, तिच्या कडेवर तीन महिन्यांचं बाळ.

तेवढ्यात ओदेलु आला. आला म्हणजे पळतच आला, गुडघे दुखत असताना. त्यानं कुणालाच नमस्कार केला नाही. कंपाउंडवरून मान उंच करून आत बघितलं, ईशान्येला बोअरच्या कोपऱ्याकडे.

"अर्थिंगचा खड्डा कुठाय?" त्यानं विचारलं.

तिरुपतीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. राजव्वा म्हणाल्या, "शुभवेळी खड्डा-बिड्डा बोलू नकोस. हो बाजूला."

"अव्वा, मला पाच मिनिटं आत जाऊ द्या. मेन तरी बंद करू द्या."

"गायीच्या आधी? आणि तू?" राजव्वांचा आवाज चिरका झाला. "एका घराचं वाटोळं केलंस, ते पुरलं नाही का तुला?"

ओदेलुनं मान खाली घातली. उलटून बोलला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. तो नुसता त्या लोखंडी पट्टीकडे आणि आमच्या पायांकडे बघत राहिला. मग माझ्या लेकीच्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं. मी यांना हळूच म्हटलं, "अहो, ऐका ना, मेन बंद करायला काय जातंय?" तर म्हणाले, "मेन आत आहे. आत कोण जाणार?"

खरंच होतं. मेन दिवाणखान्यात, आणि दिवाणखान्यात गायीच्या आधी कुणी जायचं नाही.

पंतुलुंनी, म्हणजे आमच्या भटजींनी, मंत्र म्हणायला सुरुवात केली. गायवाल्या मल्लव्वानं दावं सैल सोडलं. गाय दोन पावलं पुढं गेली, पट्टीजवळ नाक नेलं, पुढचा पाय उचलला आणि झटकन मागं घेतला. मल्लव्वानं चुचकारलं. गायीनं पुन्हा पाय टेकवायला नेला आणि या वेळी तिचं सगळं अंग थरथरलं. डोळे पांढरे करून ती मागं रेटायला लागली.

"ही कधीच अशी करत नाही," मल्लव्वा म्हणाली. "कितीतरी घरांत पहिला पाय हिचाच पडलाय."

मागचे नातेवाईक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं दिव्यांना बुजली, कुणी म्हणालं घरातच काहीतरी आहे. पंतुलु घड्याळ बघत म्हणाले, "मुहूर्त टळतोय, ओढा तिला."

"आण इकडं, मी नेते," म्हणत राजव्वांनी मल्लव्वाच्या हातातलं दावं घेतलं. साडी वर खोचली आणि ओल्या पायांनी पट्टीकडे निघाल्या.

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि त्यांचा पदर धरला. चारचौघांत सासूचा पदर ओढायचा, असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"अत्तम्मा, नका जाऊ."

"सोड."

"नाही सोडणार."

"वेड लागलंय का तुला? लोक बघतायत. सोड म्हणते ना."

सुदर्शनमनी दबक्या आवाजात मला दटावलं. मी सोडलं नाही. पदर मनगटाला गुंडाळून घेतला. मला काहीच माहीत नव्हतं, नुसतं भ्यायले होते. राजव्वा अंगानं दणकट, मला फरफटवत एक पाऊल पुढं गेल्या. पट्टी हातभर अंतरावर राहिली.

आणि फटकन माळा विझल्या. स्पीकरवरची सनई मधेच तुटली. मोटारीची घरघर थांबली. सगळीकडे एकदम शांत झालं आणि घराच्या आतून आवाज आला, "मेन बंद केलाय. आता या."

दिवाणखान्याच्या दारात ओदेलु उभा होता. आमची ओढाताण चालली असताना तो मागच्या भिंतीवरून उडी मारून, मोरीच्या दारानं आत शिरला होता. लंगडत होता. पायात चप्पल, अंगाला भिंतीचा चुना. गायीच्या आधी, लक्ष्मीच्या आधी, आमच्या नव्या घरात हा माणूस.

कुणीतरी मागून शिवी हासडली. राजव्वांचा चेहरा असा झाला की मला वाटलं या आता त्याला हातानंच मारतील. पण तेवढ्यात दावं त्यांच्या हातातून सुटलं. गाय पुढं झाली, पट्टीवर पाय ठेवला, ओलांडली आणि काही झालंच नाही अशी केळीचं पान चघळत अंगणात जाऊन उभी राहिली.

पंतुलु व्यवहारी माणूस. "गाय गेली ना? चला, चला," म्हणाले. आम्ही समईच्या उजेडात दूध उतू घातलं.

उजाडल्यावर ओदेलुनं सगळ्यांना फाटकापासून लांब रस्त्यावर उभं केलं. ओल्या मातीत एक लांब खिळा ठोकला, बल्बची एक वायर खिळ्याला आणि दुसरी पट्टीला लावली, आणि यांना आत जाऊन मेन आणि मोटार चालू करायला सांगितलं. बल्ब लागला. भगभगीत नाही, पिवळाच, पण लागला. मोटार बंद केली, विझला. पुन्हा चालू केली, पुन्हा लागला.

मेन बंद करून सुदर्शनम बाहेर आले आणि पहाटे कलश ठेवला होता त्या रिकाम्या पाटावरच बसले. माझ्या लेकीनं बाळाला छातीशी इतकं आवळलं की ते रडायला लागलं. पहिल्या राजव्वा गेल्या असत्या. त्यांना धरायला हे धावले असते, यांना धरायला मी. पुढचं मी मनात येऊ दिलं नाही.

"मोटारीतून करंट उतरतोय," ओदेलु तिरुपतीला म्हणाला. "तो जमिनीत जायला हवा होता. अर्थिंगची तार कुठं सोडलीस?"

तिरुपती म्हणाला, "फाटकाच्या पट्टीला बांधली. लोखंड आहे, जमिनीत आहे, म्हटलं चालेल. खड्डा होता, पण तो बुजवला ना."

"कुणी?"

तिरुपतीनं राजव्वांकडे बघितलं. मग राजव्वाच म्हणाल्या, "मी." त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "त्यात कोळसा न् मीठ भरलं होतं. ईशान्येला काळं पुरायचं नसतं, म्हणाले पंतुलु. म्हणून बुजवून वर तुळस लावली. मला काय माहीत, कशाचा खड्डा आहे? मला कुणी सांगितलंच नाही."

सांगणार कोण? सांगायचं ज्याचं काम, तो तेव्हा हॉटेलात होता.

पंतुलु केळीच्या पानावर मान घालून जेवत होते, त्यांनी वर बघितलं नाही. त्यांच्यासमोरच राजव्वांनी तुळस उपटून दुसरीकडे लावली आणि मजूर बोलावून तो कोपरा पुन्हा खणायला लावला. दुपारभर ओदेलु तिथं उकिडवा बसून होता. तार पट्टीवरून काढून त्यानं आपल्या हातानं खड्ड्यात सोडली. कोळसा त्यानं भरला, मीठ राजव्वांनी ओतलं. आधी न बघता सही केलेल्या घरात तो बोर्डन् बोर्ड उघडून बघत संध्याकाळपर्यंत फिरला. मोटारीला हात लावू नका, नवी येऊ दे, म्हणाला.

निघताना राजव्वांनी त्याला जेवायला वाढलं. तो पानावर बसला, पण घास उचलेना. बोटं नुसती भातात फिरवत राहिला. राजव्वा समोर बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी त्याला एक शब्द विचारला नव्हता.

"ती पलीकडची बाई," त्या म्हणाल्या. "तिच्याही घरी खड्डा बुजवला होता का रे?"

ओदेलुनं भातातला हात काढून घेतला.

"माहीत नाही, अव्वा," तो म्हणाला. "त्या घरात मी अजून गेलेलो नाही. रोज फाटकापर्यंत जातो. तिचा नवरा ओट्यावर बसलेला असतो, आणि ते लुगडं अजून तारेवरच आहे."