सैल ठेवलेली वायर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नांदेडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाने घरातच एक वाईट प्रयोग केला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

बायकोची कंबर दहा-बारा वर्षं दुखत होती. एक्स-रे चांगले यायचे, म्हणून माझ्या लेखी कंबरही चांगली होती. शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनी एक छोटं मशीन दिलं. कमरेला पॅड चिकटवायचे, वायर जोडायची, जाणवेल न जाणवेल इतकाच करंट ठेवायचा. मागे तिचा हात पोचायचा नाही, म्हणून पॅड लावायचं काम माझं. वीस मिनिटांनी उठून ती फळीवरचा डाळीचा डबा स्वतः काढायची. मला हे काही पटेना.

एकदा बहीण आलेली असताना मी पॅड लावले, मशीनचा दिवा लावला आणि वायर मागून सैलच ठेवली, जोडलीच नाही. थोड्या वेळानं विचारलं, "कसं वाटायलंय?"

"आज तर लई हलकं वाटायलंय."

मी वायरचं सुटं टोक तिच्यासमोर धरलं. बहीण म्हणाली, "वहिनी, मग नुसता दादाचा हात लावून घेत जा की. सेल तरी वाचतील." आम्ही दोघं भावंडं पोटभर हसलो. बायकोनं मशीन खोक्यात भरलं. "उद्यापासून राहू द्या." त्यानंतर ती माझ्यासमोर कधी कण्हली नाही.

पुढे मला नागीण झाली. फोड गेले, बरगडीतली आग राहिली. लातूरच्या डॉक्टरांनी तसलंच मशीन लावलं. हे चालतं कसं, मी विचारलं.

"करंटमुळे दुखण्याचा निरोप मणक्यातच थोडा अडतो, सर. वर मेंदू स्वतःचं वेदनाशामक सोडतो. आराम पडणार अशी नुसती खात्री असली, तरी सोडतो."

"म्हणजे तो आराम खोटाच ना?"

"खोटा कसा? मेंदूत खरोखर बदल होतो."

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी दोन वाक्यं घोकून ठेवली. घरी ती गवार निवडत बसली होती.

"काय म्हणले डॉक्टर?"

"पुन्हा बोलावलंय."

"गवार करू का पिठलं?"

"गवार."

पुढच्या वर्षी ती गेली. ती वाक्यं अशी होती: तुझं दुखणं खरं होतं आणि त्या दिवशीचा आरामही खरा होता. माझं चुकलं.