नदीपार गेलेलं हरिण

माझा नवरा शिकार करतो, हे कळलं की अमेरिकेत आमच्या ॲन आर्बरच्या मराठी पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून जमणाऱ्या जेवणात, सगळ्यांचे घास हातातच राहतात. मग कुणीतरी काकू विचारतात, "दिगंबर? आपला दिगंबर?" हो हो, आपलाच! गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा, घरात कोळी दिसला तर कागदावर घेऊन अंगणात सोडणारा, मूळचा नागपूरचा. त्याचं म्हणणं एकच. मांस खायचं तर मारण्याचं ओझंही आपणच उचलायचं. दुकानातून पाकीट आणून साळसूदपणाचा आव आणायचा नाही. मी पडले पुण्याची, वाद घातल्याशिवाय मला जेवण पचत नाही. पण दर हिवाळ्यात तो सावजी मसाल्यात हरणाचा रस्सा करतो, तेव्हा मी मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेते.

धनुष्यबाण त्याला शिकवला शेजारच्या वॉल्टने. म्हातारा भारी कडक. बाण लागला की झाडावरच्या मचाणावर गप्प बसून राहायचं, हा त्याचा पहिला नियम. हरिण जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच मरतं. घाई करून हुसकावलं, तर जखम घेऊन कुठल्या कुठे जातं आणि हाती लागत नाही.

गेल्या नोव्हेंबरात सकाळीच दिगंबरचा फोन आला. "रेणू, येतेस का गं? माझ्या हातून फार वाईट झालंय." त्याचा आवाज ऐकला आणि मी मीटिंग कॅन्सल करून निघाले.

वॉल्टच्या रानात, मचाणाखाली, तो पाण्याची बाटली धरून बसला होता. मोठ्या शिंगांचं हरिण होतं म्हणे. बाण सुटला आणि नेमकं तेव्हाच ते एक पाऊल पुढे सरकलं, म्हणून छातीऐवजी पोटात लागला. अशा वेळी तर अर्धा दिवस थांबायचं असतं. पण समोरच्याच झुडपात ते बसलेलं दिसलं आणि हा खाली उतरला. कशाला? तर त्याच्या तोंडात पाणी घालायला! मरणाऱ्याला कोरड्या घशाने जाऊ देऊ नये, हे याच्या आईने रक्तात भिनवलेलं. तिने शेजाऱ्यांच्या मरायला टेकलेल्या म्हशीच्या तोंडातसुद्धा पाणी घातलं होतं.

"त्याचं तोंड उघडं होतं गं," तो म्हणाला. "मला बघवेना." माणूस येताना दिसल्यावर हरिण उठलं आणि पळालं.

"अरे देवा! ते हरिण आहे, तुझा मामा नाही!" मी ओरडलेच.

त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "वॉल्ट म्हणतो, पोटातल्या जखमेने ते वाचणार नाही. सापडलं नाही तर तडफडत राहील. माझ्यामुळे." मी हात देऊन त्याला उठवलं.

आम्ही माग काढायला लागलो. वाळक्या पानांवर कुंकवाच्या टिकलीएवढे थेंब. एक सापडला की शेजारच्या काटकीला टिश्यूचा तुकडा अडकवायचा आणि पुढचा शोधायचा. मध्येच काहीच दिसायचं नाही, मग दिगंबर चक्क रांगायचा. त्याच्या गुडघ्यांना चिखल, हाताला काटे. दुपारी झाडी संपली आणि नदी आली.

ते पाण्यात उभं होतं. आई गं! इतकं मोठं जनावर मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कुशीतून रक्त गळत होतं, तोंडातून वाफ निघत होती, आणि मान मात्र ताठ. दिगंबरने दुसरा बाण लावला. पण मधे लव्हाळं होतं, नेम बसेना. तेवढ्यात हरणाने आमच्याकडे पाहिलं आणि सरळ धारेत शिरलं. त्या बर्फगार पाण्यात, पोटात जखम घेऊन! नुसती शिंगं सरकताना दिसत होती. पलीकडचा काठ उभा. चढताना घसरलं, पुन्हा घसरलं, मग चढलं. वर जाऊन अंग झाडलं तसे थेंब उन्हात उडाले. मी देवळातसुद्धा सवयीने हात जोडते. तिथे ते आपोआप जोडले गेले. भीती होती, लाज होती, आणि त्याहून मोठं काहीतरी होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

पलीकडची जमीन दुसऱ्याची. मालकिणीला फोन करून परवानगी घेतली, धनुष्य गाडीतच ठेवलं, आणि उजेड असेपर्यंत तो काठ पालथा घातला. एक थेंब दिसला नाही. दुसऱ्या दिवशी वॉल्टने माग काढणारं कुत्रं आणलं. तेही हुंगून हुंगून परत आलं.

घरी आल्यावर दिगंबर जेवला नाही. ताटासमोर नुसता बसून राहिला. मला राहवेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वॉल्ट काय देव आहे का? कसं पोहत गेलं बघितलंस ना? जगलं असेल रे ते."

"तसं म्हणू नकोस, रेणू," तो म्हणाला. "मला ते खरं वाटायला लागेल."