भासऱ्यांचा डोळा

कन्हान सोडून नागपूरला निघालो तेव्हा आम्हाला पोचवायला स्टेशनवर कोणी आलं नाही. एक ट्रंक, एक वळकटी आणि कडेवर थोरली मुलगी. सासूबाई दारापर्यंत आल्या आणि ह्यांना एवढंच म्हणाल्या, "लपाले चालला का कमवाले?" ह्यांनी ट्रंक उचलली.

तुम्ही पुतणे तिकडेच राहिलात, माझी मुलं-नातवंडं नागपूरच्याही पुढे गेली. आम्ही पोटासाठी गाव सोडलं असं तुम्हाला सांगितलं गेलं. ते खरं नाही. खरं सांगणारी आता मी एकटीच उरले, म्हणून लिहिते.

स्वातंत्र्य येऊन पाचेक वर्षं झाली असतील. हे आणि भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, दोघं कोळशाच्या खाणीत होते. हे मोहाची दारू प्यायचे. एकदा भासऱ्यांनी बाटली अंगणात ओतून दिली. ह्यांनी हातातला पितळी लोटा भिरकावला आणि भासऱ्यांचा डावा डोळा गेला. आमच्या चर्चच्या मंडळीने ह्यांना प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटतात ती भाकर आणि प्याला, बंद केलं, ते बरोबरच केलं. चर्चमध्ये भाकर आणि प्याला ह्यांच्यासमोरून पुढे जायचा. पुढच्या बाकावर पट्टी बांधलेला भाऊ. महिनाभरात आम्ही निघालो.

नागपुरात मी मिशनच्या दवाखान्यात आया झाले, हे गिरणीत लागले. कन्हानला नदीवरून पाणी आणायचे, इथे नळावर भांडायला शिकले. वॉर्ड, ड्यूटी, बेडपॅन हे शब्द तोंडात बसले. ह्यांनी दारू सोडली ती सोडलीच. मला वाटलं, सुटलो.

मग इथल्या चर्चमध्ये पहिलं प्रभुभोजन आलं. इथे आमचं कोणाला काही माहीत नव्हतं. भाकरीचं ताट आलं आणि ह्यांनी न घेता पुढे दिलं. मी कोपराने ढोसलं. "घ्या ना. इथं कोण वळखते आपल्याले?"

घरी आल्यावर म्हणाले, "देवानं माफ केलं असन. दादाले मी अजून विचारलंच नाही."

"मंग विचारा ना!"

"अन् नाही म्हटलं तं?"

तिथे गाडी अडली ती दोन वर्षं. दर वेळी ताट यायचं, दर वेळी पुढे जायचं. बायका मला नळावर विचारू लागल्या, "तुझा नवरा भाकर काहून घेत नाही वं?" ख्रिस्ताने आपलं पाप क्रुसावर घेतलं हे मी चौथीपर्यंतच्या मिशनच्या शाळेत पाठ केलं होतं. पण भासऱ्यांचा डोळा त्यात कुठे बसवायचा ते मला कळत नव्हतं.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "क्षमा झाली तरी डोळा येणार नाही. ते तुम्हा दोघांना जन्मभर भोगायचं आहे. म्हणून काय माफी मागायचीच नाही?"

पुढच्या रविवारी कन्हानला गेलो. जाऊबाई दारातच होत्या. "ये वं नागपूरवाली! डोळा आमचा गेला अन् दिसेनासे तुमी झाले." भासरे अंगणात खाटेवर बसले होते. खाणीत खाली उतरणं बंद झालं होतं. वर बसून कोळशातले दगड निवडायचं काम मिळालं होतं, तेही कमी मजुरीचं. हे त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

भासरेच बोलले. "बस गा. एकाच डोळ्यानं पाहून राहिलो, म्हणून तू अर्धाच वाईट दिसून राहिला."

हे रडले. भासरे नाही रडले. मला मात्र भूक लागली होती.

"दादा, माफ कर," हे म्हणाले.

"केलं. पण आयक. रोज सकाळी तोंड धुतो तवा मले तो लोटा आठवते. उद्याही आठवन. उद्या पुन्हा माफ करीन. माहं काम ते, तुहं नाही. तू येत जाय."

कन्हानच्या मंडळीत भासरे स्वतः उभे राहून ह्यांच्यासाठी बोलले. त्यानंतर ह्यांनी भाकर घेतली.

पुढे भासरे नागपूरला यायचे. सीताबर्डीच्या गर्दीत हे कायम त्यांच्या डाव्या अंगाला चालायचे, सायकल-टांगा आला की हात धरायचे. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत तसंच चालले.

आता दोघंही नाहीत. तुम्ही मला विचारता, काकू, कन्हानची आठवण येते का? फारशी येत नाही. माझं घर नागपूर आहे, इथे नळ आहे, दवाखाना आहे, माझ्या मंडळीची माणसं आहेत. पण मनात आलं तर सकाळी उठून कन्हानला जाता येतं, आणि दारात कोणासमोर मान खाली घालावी लागत नाही. मला तेवढं पुरतं.