जुबैदाफुफी आणि बिमाचा चढाव

माझ्या अब्बांची मोठी बहीण, जुबैदाफुफी, निजामपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे ती आवाजामुळे. पोलिओने लहानपणीच दोन्ही पाय नेले, आणि उरलेली सगळी ताकद अल्लाने तिच्या गळ्यात भरली. आमच्या गल्लीत लूमचा खडखडाट एवढा, की शेजाऱ्याला चहा विचारायचा तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. फुफी मात्र उंबऱ्यात बसून हाक मारते आणि पलीकडच्या गल्लीतला चहावाला ओ देतो. दिवसभर ती कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात घालायच्या नळकांड्यांवर सूत गुंडाळायचं. संध्याकाळी हाताने पॅडल मारायच्या तीनचाकीवरून बाजारात चक्कर.

तिला एकच गोष्ट खपत नसे, कुणी उचललेलं. लहानपणी एका लग्नात चुलत्यांनी तिला उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं आणि विसरले. जेवणं उरकली, वरात गेली, तेव्हा कुठे आठवण झाली. तीनचाकी घरात आली त्या दिवशी तिने सगळ्यांना सांगून टाकलं, आता मयत झाल्यावर काय उचलायचं ते उचला.

सत्त्याण्णव साली तिने टेलिफोन बूथसाठी अर्ज केला. दिल्लीत अपंगांसाठी कायदा झाला होता, त्याचा वास आमच्याकडच्या एका कचेरीपर्यंत पोचला होता. कचेरीचं नाव लिहीत नाही. पाटीवरचं कचेरीला स्वतःलाच धड वाचता येत नसेल, एवढा रंग उडालाय. मुलाखतीला अर्जदाराने समक्ष हजर राहायचं, असा नियम. आणि कचेरीला पायऱ्या. तुळशीराम शिपाई आतूनच नाव पुकारायचा, देवळात घंटा बडवल्यासारखं. फुफी खाली रस्त्यावरून 'हजर' म्हणायची, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं. पण हजर म्हणजे खोलीत हजर. दोनदा ती गैरहजर ठरली. तिसऱ्यांदा ठरली असती तर नाव कायमचं कटणार होतं आणि बूथ जाणार होता ठेकेदार महमूदशेठच्या मेव्हण्याला. त्याचा पाय फक्त मुलाखतीच्या दिवशी लंगडतो. एकदा डावा लंगडला, एकदा उजवा.

तेवढ्यात कचेरीला चढाव बांधायचा हुकूम आला. काम मिळालं महमूदशेठलाच. हा माणूस जन्मभर लूमच्या शेड बांधत आला. आमच्याकडे चढाव म्हणजे बीम चढवायची वाट. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, दोन टोकांना दोन चकत्या. त्या चकत्यांसाठी दोन बाजूंना दोन गुळगुळीत पट्ट्या, आणि मधे पायऱ्या, ढकलणाऱ्याचे पाय घसरू नयेत म्हणून. महमूदशेठने कचेरीलाही जुन्या पायऱ्यांच्या जागी तोच चढाव ठोकून दिला. केसरीनाथ साहेब, कचेरीचे मुख्य, हनुवटी गळ्यात रुतवून बघत राहिले आणि म्हणाले, काय आहे ना, छान आहे. महमूदशेठ पानाचा तोबरा गालात सरकवत म्हणाला, "साहेब, दो टनका बीम चढतो यावरून. बाई का न्हाय चढणार?"

कुणीही फुफीची तीनचाकी येऊन बघितली नाही. तिसरं चाक पुढे असतं, अगदी मधे.

उद्घाटनाला फुफीलाच बोलावलं. फीत तिने कापायची, फोटो निघायचा, मग आत मुलाखत, मग बिर्याणी. साहेब वर दारात फितीच्या आत उभे. पाहुणे खाली, बिर्याणीच्या वासाकडे तोंड करून. साहेबांचं भाषण झालं. काय आहे ना, अपंग हा समाजाचा, काय आहे ना, अविभाज्य, आणि पुढचा शब्द ते दर वेळी गिळतात तसा गिळला. मग टाळ्या. फुफीने पॅडल मारलं. मागची दोन चाकं पट्ट्यांच्या झकास समोर होती. पुढचं चाक पहिल्या पायरीवर धडकलं आणि थांबलं.

महमूदशेठ चाकाकडे असा बघायला लागला, जसं ते त्याने नाही, फुफीनेच ऐन वेळी मधे आणून लावलं.

साहेबांनी वरून हात हलवला. "उचला, उचला बाईंना. चार जण या. आपलीच माणसं आहेत."

फुफीने ब्रेकची कडी लावली.

"मला उचलायचीच व्हती, तं यो चढाव कुनासाटी बांदला?"

एवढंच बोलली, तेही तिच्या मानाने हळू. म्हणजे पोस्टापर्यंतच ऐकू गेलं असेल.

महमूदशेठ समजूत घालायला गेला. म्हणाला, आपा, आमच्या डोक्यात ढकलणारा मधून चालेल असं होतं. ती म्हणाली, म्हणजे तुझ्या डोक्यात मी बीम व्हते. तो पानाची पिंक टाकायला बाजूला गेला, कारण खरंच होती.

आता कचेरीला दार एकच. मागचं दार मोडक्या कपाटांनी बंद. वर साहेब, खाली पाहुणे, मधे फुफी, आणि तिच्याशिवाय कुणी फीत कापायची नाही असं साहेबांनीच भाषणात सांगून ठेवलेलं. खाली उतरायचं तर साहेबांना तीनचाकीवरून उडी मारावी लागली असती. बिर्याणी आत निवत चालली. पाहुणे आधी फुफीवर चिडले, मग हळूहळू साहेबांवर. भूक माणसाला शहाणं करते, हे कायद्याला जमलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी खुर्ची मागवली आणि फितीच्या आतूनच मुलाखत घेतली. पहिला प्रश्न, फोन लावता येईल का? फुफी म्हणाली, "बोटानं लावतात ना? का तुमच्याकडं पायानं लावतात?" दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तुळशीरामकडे बघून मान हलवली. तुळशीरामने तिच्यासमोर, हातभर अंतरावर उभं राहून, तोच घंटेचा आवाज काढला: "जुबैदाबी, हजर!" तेव्हा फुफीने ब्रेक काढला आणि मागे सरकली. फितीची कात्री तिने महमूदशेठच्या हातात दिली. बांधणाराच चढू दे, म्हणाली.

बूथ मिळाला, बाजाराच्या तोंडाशी. आणि आला तोही उंच चौथऱ्यावर, पुढे पायऱ्या. पाणी शिरू नये म्हणून, असं सांगितलं गेलं. फुफीने नुसतं हसून घेतलं. फोन आणि काचेची दारं आत राहू दिली, बिलाचं मशीन खिडकीतून बाहेर ओढून तीनचाकीच्या फळीवर बसवलं. ती रस्त्यावर सावलीत, चढउतार गिऱ्हाइकांनी करायची.

कचेरीचा चढाव अजून तसाच आहे. वर पाठवायच्या अहवालात तो आहे म्हणे, सुविधा म्हणून.

परवा कचेरीचा फोन बंद पडला आणि केसरीनाथ साहेब स्वतः बूथवर आले. गुडघे दुखतात त्यांचे. पहिल्या पायरीशीच थबकले, वर बघितलं, खाली बघितलं, हनुवटी गळ्यात रुतली. फुफीने मशीनवरचं फडकं बाजूला केलं.

"या साहेब, चढा," ती म्हणाली. "का चार जनांना बोलवू?"